पाचकाचा धंदा आणि पडद्यावरचे अश्रू

रात्रीचे जेवण आटोपले की आपल्या देशातल्या बहुतेक घरांत दोन वस्तूंकडे हात जातो. एक फळीवरच्या पाचकाच्या बाटलीकडे आणि दुसरा टी.व्ही.च्या बटणाकडे. व्यापाराच्या पानावर मालिकांचे काय काम, असा प्रश्न वाचक विचारतील. काम आहे, आणि ते बरेच मोठे आहे. हिंग, ओवा, जिरे, सुंठ, काळे मीठ, इसबगोल हा माल आपल्या अत्तार, गांधी आणि पन्सारी मंडळींच्या बरण्यांत पिढ्यान्पिढ्या आहे. माल तोच राहिला, पण गल्ला मात्र दुसरीकडे गेला. तो कसा गेला हे पाहायचे तर औषधांची पुस्तके पुरत नाहीत, मालिका पाहावी लागते. आमचे मत असे की अलीकडच्या पन्नास वर्षांत पोटाच्या औषधाचा धंदा ज्यांनी जिंकला त्यांनी तो गुणावर जेवढा जिंकला तेवढाच, किंबहुना जास्त, नाट्यावर जिंकला. लहान दुकानदार मालात कमी पडला नाही. आपल्या मालाची गोष्ट सांगण्यात तो कमी पडला.

आधी मालाकडे पाहू. हिंगाष्टक चूर्णात आठ जिन्नस असतात: सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा किंवा अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग. पहिल्या घासाला तुपाबरोबर घ्यायचे, ही जुनी पद्धत. लवणभास्कर, आवळकाठी, ओव्याचा अर्क ही त्याचीच भावंडे. युनानीकडे वळलो तर 'जवारिश' भेटते. हा शब्दच मुळी पचन करवणारे या अर्थाच्या फारसी शब्दापासून आला आहे. 'जवारिश कमूनी'तला कमून म्हणजे अरबीत जिरे, आणि 'जवारिश जालीनूस'मधले जालीनूस म्हणजे ग्रीक वैद्य गॅलन. 'हब्बे कबिद नौशादरी' या गोळीत नवसागर असतो. इसबगोल हे नाव फारसी 'अस्प' आणि 'घोल' या शब्दांवरून पडले. बियांचा आकार घोड्याच्या कानासारखा दिसतो म्हणून. एका पोटदुखीवर संस्कृत, अरबी, फारसी, ग्रीक अशा सगळ्या भाषा एकाच बरणीत नांदतात. या धंद्यात कोणाचा एकाचा मक्ता कधी नव्हता, एवढे त्यावरून दिसते.

हिंगाची गंमत तर आणखी वेगळी. ज्या वस्तूशिवाय वरणाला फोडणी बसत नाही ती आपल्या देशात व्यापारी प्रमाणावर पिकतच नव्हती. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान येथून कच्चा हिंग यायचा, आजही येतो. उत्तर प्रदेशातील हाथरस येथे तो पीठ आणि डिंक मिसळून 'बांधणी'चा केला जातो, कारण निव्वळ हिंग कोणाला सोसत नाही. मुंबईची लालजी गोधू ही पेढी १८९४ पासून याच मालात आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने हिंगाची पहिली रोपे लावली. हे झाड पाच वर्षे तरी वाढल्याशिवाय डिंक देत नाही, तेव्हा काबूलच्या मालावरची आपली भिस्त लगेच सुटेल असे कोणी धरून चालू नये.

हा माल पूर्वी विकला कसा जाई? तोंडाने. गिऱ्हाईक येई, पोट कसे दुखते ते सांगे. दुकानदार विचारी, जेवणाआधी की जेवणानंतर? ढेकर करपट की कोरडा? शौचाला साफ होते का? मग तीन बरण्यांतून चिमूट-चिमूट काढून पुडी बांधली जाई. पुडीवर नाव नसे, छाप नसे. जे काही होते ते दुकानदाराच्या चेहऱ्यावर होते. दुकानात बसणाऱ्याची ही रीत. रस्त्यावर विकणाऱ्याची रीत याहून रंगतदार. मुंबईच्या मोहल्ल्यांत आणि बाजारच्या दिवशी गावोगावी 'मजमा' जमवणारे असत. गोल करून उभ्या राहिलेल्या गर्दीपुढे हा माणूस आधी किस्सा सुरू करी, किश्श्यात सून येई, सासू येई, मरणाच्या दारातून परत आलेला बाप येई, आणि ऐन वेळी किस्सा थांबवून तो पिशवीतून डबी काढी. पुढे काय झाले हे डबी विकल्याशिवाय कळत नसे! मालिकांचे लेखक आज जे करतात तेच तो करी, फक्त विजेशिवाय.

चूर्ण आणि नाटक यांचे हे नाते आम्ही नव्याने जोडतो आहोत असे नाही. भारतेन्दु हरिश्चंद्र यांच्या १८८१ सालच्या 'अंधेर नगरी' या हिंदी नाटकात बाजाराचा प्रवेश आहे. त्यात चूर्णवाला आपल्या मालाची तारीफ गाता गाता लाच पचवणारे अंमलदार, रक्कम पचवणारे महाजन आणि कायदा पचवणारे पोलीस सगळ्यांना चिमटे काढतो. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे पाचक विकणारा हा थोडा नट असतो, हे लोकांनी गृहीत धरले आहे.

दरम्यान कारखानदारी उभी राहत होती. पनवेलचे धूतपापेश्वर १८७२ चे, कलकत्त्याचे डाबर १८८४ चे, मुंबईचे सांडू १८९९ चे. दिल्लीत हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ साली हमदर्द दवाखाना काढला, मुंबईत १९१० साली झंडू आले, १९१७ साली कलकत्त्यात बैद्यनाथ. डाबर हे नाव 'डॉक्टर बर्मन' यावरून पडले हे अनेकांना ठाऊक नसते. हमदर्दची गोष्ट आमच्या वाचकांना ओळखीची आहे. १९४८ साली ती पेढी वक्फ झाली, नफा शिक्षण आणि आरोग्याकडे वळला, आणि पुढे १९८९ साली जामिया हमदर्दला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या सगळ्यांची जाहिरात पंचांग, दिनदर्शिका, वर्तमानपत्र आणि एस.टी. स्टँडच्या भिंती एवढ्यावरच भागत असे. या सर्वांच्या यादीत पाचक होते, पण पाचकाने घर चालावे असा तो काळ नव्हता. पाचक ही च्यवनप्राशाच्या मागे उभी राहणारी धाकटी बहीण होती.

धाकट्या बहिणीचे नशीब उघडले ते टी.व्ही.ने. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनने जाहिराती घेण्यास सुरुवात केली आणि १९८२ साली आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आला. डाबरची हाजमोला गोळी १९७८ ची, म्हणजे जाहिरात सुरू झाल्यावर दोन वर्षांतच बाजारात उतरलेली. नाव पाहा. 'हाजमा' हा अरबी 'हज़्म' म्हणजे पचन या धातूचा शब्द. चांदणी चौकातल्या हकिमाच्या तोंडचा. कलकत्त्याच्या डॉक्टरने काढलेल्या आयुर्वेदिक कंपनीने युनानी शब्दाला शेपूट लावून ते देशभर नेले, आणि कोणालाही त्यात परके काही वाटले नाही. पुढे १९८९ साली त्याच नावाने लहान मुलांसाठी गोड-आंबट कँडी निघाली. 'हाजमोला सर' हे दोन शब्द शाळेतल्या पोरांच्या तोंडी बसले. औषध विकताना जे कधी जमले नव्हते ते येथे जमले: पोट न दुखणाऱ्या मुलाला पोटदुखीचा माल विकणे. व्यापाराच्या दृष्टीने आम्ही या एका चालीला फार मोठी मानतो. आजारी माणूस वर्षातून दहा वेळा गिऱ्हाईक होतो, चटोर माणूस दिवसातून दोनदा.

आता नाट्याकडे येऊ. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी. ही देशातील पहिली लांबलचक कौटुंबिक मालिका आणि तिला पैसा पुरवला तो मॅगी नूडल्सने. दर भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन घरच्या वडीलधाऱ्यासारखे दोन शब्द सांगत. या प्रकाराला इंग्रजीत 'सोप ऑपेरा' म्हणतात, आणि त्यातला साबण खराखुरा आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात दुपारी घरी असणाऱ्या बायकांसाठी रेडिओवर रडव्या मालिका लागत. त्यांचा खर्च साबणवाले करीत. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने १९३३ साली आपल्या ऑक्सिडॉल साबणासाठी 'मा पर्किन्स' ही मालिका चालवली, ती १९६० पर्यंत टिकली. या कंपनीचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, थोड्या वेळाने ती इसबगोलाच्या पोत्याजवळ पुन्हा भेटणार आहे.

'हम लोग'मधले तेच अशोककुमार त्याच दशकात पान परागच्या जाहिरातीत दिसले, समोर शम्मी कपूर. लग्नाचा प्रसंग. वराकडचा माणूस मुलीच्या बापाला सांगतो की आमची एकच मागणी आहे. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आता हुंड्याचा आकडा येणार. आणि मागणी निघते ती वऱ्हाड्यांचे स्वागत पान मसाल्याने करण्याची! अर्ध्या मिनिटात आख्खी मालिका. जेवणानंतर विडा खाणे ही आपली जुनी पाचक रीत. त्या रीतीच्या खुर्चीवर डबाबंद सुपारी अलगद येऊन बसली, आणि तिला तिथे बसवणारे चेहरे लोकांच्या विश्वासातले होते. हिशेब नंतर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी, तंबाखूशिवायसुद्धा, माणसाला कर्करोग करणारी ठरवली. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटखा आणि पान मसाल्यावर बंदी घातली. आमच्या भागातील किती तरी पानवाले आणि किरकोळ दुकानदार त्या बंदीनंतर चोरट्या मालाच्या फेऱ्यात अडकले, दंड भरून बसले. पाचकाच्या फळीवर काय ठेवायचे हा प्रश्न केवळ नफ्याचा नाही तो यासाठी.

त्याच काळातली वुडवर्ड्स ग्राइप वॉटरची जाहिरात आठवा. हे औषध नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ साली काढलेले, आपल्याकडे मद्रासच्या टीटीके घराण्याने घरोघर नेलेले. बाळ रडते. घरातली एक पिढी दुसरीला विचारते काय झाले, दुसरी तिसरीला सांगते की त्याला हेच पाज, तू लहान असताना मीही तुला हेच पाजत होते. आई, आजी, पणजी अशी साखळी मागे मागे जाते. औषधात काय आहे याचा एक शब्द नाही. बडीशेपेच्या जातीच्या सुवा बियांचा अर्क आहे, सोडा आहे, हे सांगायची गरजच वाटली नाही. आजीने सांगितले, पुरे झाले. आमच्या मते देशातल्या पोटाच्या औषधांच्या सगळ्या जाहिराती या एका जाहिरातीच्या लेकी आहेत. पूर्वी आजी स्वतः ओवा चावून बाळाच्या पोटाला बांधी किंवा अत्तारकडून पुडी आणवी. टी.व्ही.ने आजीचा शब्द घेतला, तो बाटलीवर चिकटवला आणि खऱ्या आजीलाच परत विकला.

येथे एक बाब आमच्या वाचकांच्या उपयोगाची. ग्राइप वॉटरच्या जुन्या विलायती कृतीत थोडे अल्कोहोल असे. ब्रिटनमध्ये ते १९९२ साली काढून टाकण्यात आले. आयुर्वेदातील आसव आणि अरिष्ट हे प्रकार आंबवून तयार होतात, त्यामुळे त्यांत आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते आणि तसे बाटलीवर छापलेले असते. चूर्ण, वटी, जवारिश, अर्क यांची गोष्ट निराळी. गिऱ्हाईक विचारते तेव्हा दुकानदाराने लेबल वाचून उत्तर द्यावे, ऐकीव माहितीवर हो-नाही म्हणू नये.

१९८७ च्या जानेवारीत 'रामायण' आणि १९८८ च्या ऑक्टोबरात 'महाभारत' आले. 'महाभारत'चे संवाद राही मासूम रझा यांचे. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, म्हणजे दुकानेही ओस पडत. त्या वेळेत बाजारात फक्त जाहिरात फिरे. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी आले आणि केबलवाल्याने गल्लीत तारा ओढल्या. पण पाचकवाल्यांची खरी पर्वणी ३ जुलै २००० रोजी उजाडली. त्या एका दिवशी स्टार प्लसवर रात्री नऊ वाजता 'कौन बनेगा करोडपती' आणि साडेदहा वाजता 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. नऊ ते अकरा ही वेळ म्हणजे जेवणाची आणि जेवणानंतरच्या जडपणाची. मालिकेमुळे जेवण उशिरा होते, ताट मांडीवर घेऊन बसून होते, तुलसीच्या डोळ्यांत पाणी आले की घास नीट चावला जात नाही, आणि उठून चार पावले चालायचे तर पुढचा प्रसंग चुकतो. अपचनाची इतकी चोख व्यवस्था दुसरी कोणती असेल आम्हाला माहीत नाही. बरोबर त्याच वेळी मध्यंतरात सहा सेकंदांत आराम देणारी पुडी झळकते. करोडपतीच्या खुर्चीवरचे अमिताभ बच्चन पुढे हाजमोलाच्या जाहिरातीत आले आणि २०१५ च्या 'पीकू' या चित्रपटात त्यांनी बद्धकोष्ठाने घर डोक्यावर घेणारा म्हातारा रंगवला. अशोककुमारांपासून सुरू झालेली ही रांग सरळ आहे.

मराठीतही हेच झाले. ई-टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. मालिका संपत का नाही याचे कारण प्रेक्षक भाबडे आहेत असे सांगितले जाते. आम्हाला ते पटत नाही. प्रेक्षकाला सगळे कळते. मालिका संपली तर जाहिरातदार जातो, म्हणून ती संपत नाही. पाचकाचेही तसेच. करपट ढेकर कायमचा थांबवायचा उपाय म्हणजे लवकर जेवणे, कमी तिखट खाणे आणि चालणे. पण या तिन्हींत कोणाचा नफा नाही. गोळीने आजचा ढेकर जातो आणि उद्याचा राहतो. पुढील भाग उद्या. आणखी एक गमतीची गोष्ट आम्ही टिपली आहे. मालिकेतल्या स्वयंपाकघरात दुधात काही तरी मिसळले जाते, खिरीत मिठाची मूठ पडते, सुनेच्या हाताने केलेले जेवण कोणी तरी मुद्दाम बिघडवते, पण पोटभर जेवून तृप्त ढेकर देणारे पात्र सहसा दिसत नाही. अन्न तेथे नेहमी संशयात असते. संशयातले अन्न खाणाऱ्या घराला पाचकाची बाटली जवळ लागणारच.

आता लहान दुकानदाराचे काय झाले ते पाहू. २००० सालीच, म्हणजे तुलसी घराघरांत आली त्या वर्षीच, केंद्र सरकारने आयुर्वेद व युनानी औषधांच्या कारखान्यांसाठी 'शेड्युल टी' लागू केले. जागा किती असावी, कच्चा माल कोठे ठेवावा, कामगार कसे असावेत, तपासणी कशी व्हावी, सगळे नियम त्यात आले. नियम चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. पोटात जाणारी वस्तू धुळीत कुटली जाऊ नये हे खरेच. पण मागच्या खोलीत खलबत्ता ठेवून चार प्रकारची चूर्णे करणाऱ्या हकीम किंवा वैद्याला ती जागा, ती यंत्रे, तो पगारी तज्ज्ञ परवडण्यासारखा नव्हता. एका हाताने कायद्याने त्याचा कारखाना बंद केला, दुसऱ्या हाताने टी.व्ही.ने त्याचे गिऱ्हाईक नेले. तेव्हापासून आमच्या पाहण्यातील अनेक जुन्या दवाखान्यांची पाटी तीच आहे, पण आत मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या रचलेल्या असतात आणि मालक कमिशनवर बसलेला असतो. गिऱ्हाईक टी.व्ही.वरचे नाव सांगते, तो बाटली काढून देतो. ढेकर करपट की कोरडा हे आता कोणी विचारत नाही. हा तोटा रुपयांत मोजता येत नाही म्हणून तो कोणाच्या वहीत दिसत नाही.

आणि माल पिकवणारा? इसबगोलाचे उदाहरण घ्या. गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशात रब्बीत हे पीक घेतात. जगातील बहुतेक इसबगोल येथूनच जाते. मेहसाणा जिल्ह्यातील ऊंझा ही जिरे आणि इसबगोलाची मोठी बाजारपेठ, आणि तेथून जवळचे सिद्धपूर हे भुसी काढणाऱ्या गिरण्यांचे गाव. बोहरा व्यापाऱ्यांच्या रंगीत हवेल्यांसाठी हे गाव ओळखले जाते. टेलिफोन छाप सत-इसबगोल तेथलेच. पीक तयार असताना फाल्गुन-चैत्रात एक अवकाळी सर आली की बी भिजून फुगते, गळून पडते आणि शेतकऱ्याचे वर्ष बुडते. त्या बियांवरची पातळ साल म्हणजे भुसी, तीच सगळी किंमत. ही भुसी जहाजाने अमेरिकेत जाते. तेथे ती 'मेटाम्युसिल' या नावाने १९३४ पासून विकली जाते आणि १९८५ पासून तो छाप प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या मालकीचा आहे. होय, तीच 'मा पर्किन्स'वाली कंपनी. रडव्या मालिकांच्या मधे साबण विकून जी घरे तिने जोडली, त्याच घरांत पुढे सिद्धपूरची भुसी संत्र्याच्या वासाने गेली. १९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या भुसीतील तंतू हृदयविकाराचा धोका कमी करण्यास मदत करू शकतात असे डब्यावर छापण्यास परवानगी दिली. म्हणजे आपल्या आजीचा इलाज तिकडे प्रयोगाच्या कसोटीवर उतरला. मात्र छाप, डबा आणि मोठा नफा तिकडचा, पाऊस पडला तर नुकसान इकडचे.

आपल्याकडे असा एखादा छाप झालाच नाही असे नाही. हमदर्दचे रूह अफ़जा हे पाचक नसले तरी युनानी दवाखान्यातून निघालेलेच. २०१९ च्या रमज़ानमध्ये ते बाजारात मिळेनासे झाले तेव्हा देशभर ओरड झाली. इफ्तारच्या दस्तरखानावरची ती जागा कोणत्या मालिकेने दिलेली नव्हती. पण त्याच दवाखान्याचे पाचनोल किंवा जवारिश मागणारे गिऱ्हाईक त्या मानाने किती, हे मोहम्मद अली रोडवरच्या कोणत्याही दुकानदाराला विचारावे. रमज़ानच्या रात्री तळलेले पदार्थ आणि नल्ली-निहारी झाल्यावर पाचकाची मागणी एकदम वाढते हे प्रत्येक दुकानदार जाणतो. त्या महिन्यातही मागणी नावाने होते ती टी.व्ही.वरच्या छापाची.

टी.व्ही.च्या शब्दाला कायद्याची वेसण मात्र आहे, आणि आमच्या व्यापाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी, कारण मोठी कंपनी वकील लावू शकते, लहान दुकानदार नाही. १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आजही लागू आहे. त्याच्या परिशिष्टातील आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. त्या यादीत पोट-आतड्याचा अल्सर, पित्ताशयातील खडे, अपेंडिसायटिस हे सर्व आहे. म्हणजे दुकानाबाहेर 'अल्सर मुळापासून बरा' असा फलक लावणे हासुद्धा गुन्हा होऊ शकतो. सकाळच्या योगाच्या कार्यक्रमातून देशभर पोहोचलेल्या बाबा रामदेव यांच्या पतंजली आयुर्वेद कंपनीला फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून अवमानाची नोटीस काढली. एप्रिलमध्ये कंपनीला वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने माफी स्वीकारून ते अवमान प्रकरण मिटवले. कराच्या बाबतीतही शब्द महाग पडतात. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचा खटला वर्षानुवर्षे चालला. सामान्य माणूस जिला दंतमंजन म्हणून विकत घेतो ती वस्तू औषध नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीही सांगितले. जो पाचक म्हणून परवाना घेतो आणि गोळी-चॉकलेट म्हणून विकतो, त्याने हा निकाल एकदा वाचावा.

ज्यांना या धंद्यात स्वतःचे नाव राखायचे आहे त्यांच्यासाठी दोन वाटा खुल्या आहेत. मुखवास, भाजकी बडीशेप, आवळा सुपारी, ओवा-तीळ, जिरा गोळी हा माल खाद्यपदार्थ म्हणून विकता येतो. त्याला अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी पुरते, लहान उद्योगाला ती फार खर्चाची नाही. अट एकच की पाकिटावर रोगाचे नाव येता कामा नये. दुसरी वाट 'लोन लायसन्स'ची. स्वतःचा कारखाना नसलेला हकीम किंवा वैद्य परवानाधारक कारखान्यात आपल्या कृतीने, आपल्या नावाने माल करवून घेऊ शकतो. शेड्युल टीची जागा आणि यंत्रे त्या कारखान्याची, कृती आणि छाप आपला. मालेगाव, पुणे, मुंबई येथील युनानी महाविद्यालयांतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. त्यांच्यातले बरेच जण दवाखाना थाटून शेवटी इंग्रजी गोळ्याच लिहितात. दोघा-तिघांनी मिळून एक जवारिश कमूनी नीट करवून घेतली, तिच्यावर घटक, मात्रा, तारीख सगळे मराठी, उर्दू आणि हिंदीत छापले, तर निदान आपल्या तालुक्यात तरी ती चालायला हरकत नाही.

२९ जुलै २०२५ पासून 'क्योंकि सास भी कभी बहू थी' नव्याने सुरू झाली, तुलसी पुन्हा स्मृती इराणीच. वेळ रात्री साडेदहाचीच ठेवली गेली. दुकाने तोवर बंद झालेली असतात. ज्यांचे दुकान वस्तीत आहे आणि घर वरच्या मजल्यावर, त्यांनी खालची अर्धी फळी अकरापर्यंत उघडी ठेवून पाहावी.